नारंगीचं शेण

मनकर्णेच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कोण्या डॉक्टरच्या गोळीनं जाणारं नव्हतं. धाकटी जाऊ गीतांजली ओसरीवर खुर्चीत बसली होती. खुर्चीत! आणि तेही सासऱ्यासमोर! ज्या खुशालरावांनी वीस वर्षांत थोरल्या सुनेला एकदा 'बस' म्हटलं नव्हतं, ते आज धाकटीला म्हणत होते, "बस वो बाई, बस. मॅडम काय सांगून राह्यल्या थे नीट आयक, अन् मंग मले समजावून सांगजो. तुले समजते."

तुले समजते. म्हणजे बाकीच्यांच्या डोक्यात शेण.

मॅडम म्हणजे आचल. अकोल्याहून आली होती, गवत आणि चारा यांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रातून. वय गीतांजलीएवढंच, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. तिला बोलावून आणलं होतं किशोरनं, म्हणजे गीतांजलीच्या नवऱ्यानं. मनकर्णेला तिथंच पहिली शंका आली होती. ज्याची बायको त्याचीच मॅडम, मग न्याय कोणाकडं जाणार?

मामला दोन गाईंचा होता. भातकुलीकडचं हे गाव, पाणी खारं, माती काळी, विहीर खोदली तर गुरंही तोंड लावणार नाहीत असं पाणी लागतं. ढोरांचा सारा आधार ई-क्लासचा. ई-क्लास म्हणजे सरकारी चराईचं रान. त्यातलं अर्ध्याहून जास्त रान गेल्या वर्षी तारेच्या कुंपणात गेलं आणि तिथं सोलरच्या काचा उभ्या राहिल्या. काचा उन्हात चमकतात, छान दिसतात, पण गाईनं काच खायची कशी ते कोणी सांगितलं नाही. उरलेल्या तुकड्यावर साऱ्या गावची ढोरं तोंड मारतात. पुसात, म्हणजे पौषात, ते गवतही पिवळं पडून वाळतं, कुसळं तेवढी टोचायला उरतात.

खुशालरावांनी दिवाळीनंतर एक दिवस जेवता जेवता निकाल दिला होता. "दोन गाईले पुरीन एवढा चारा नाई. एक ठेवा, एक बाजारात काढा. दोघीले अर्धपोटी ठेवनं म्हनजे दोघीले मारनं होय."

आता कोणती ठेवायची? एक होती ढवळी, मनकर्णेची. ढवळीची माय साप चावून मेली तेव्हा ढवळी दोन दिवसांची होती. मनकर्णेनं लुगड्याचा बोळा दुधात बुडवून तिला चोखवला, रात्री तिच्याजवळ पोतं टाकून झोपली. दुसरी नारंगी, तांबूस रंगाची, गीतांजलीला वरूडहून माहेरानं आंदण दिलेली. लग्नात पिकअपमधून उतरली होती, गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना रंग. सारं गाव पाहायला आलं होतं. मनकर्णेच्या लग्नात आंदण म्हणून पाण्याचा पितळी गुंड आला होता. गुंड पाहायला कोणी येत नाही.

दूध दोघींचं सारखंच. म्हणून किशोरनं तोडगा काढला. कमी चाऱ्यात जी जास्त अंगी लावून घेते, ती गाय ठेवायची. आणि हे अंदाजानं नाही, अकोल्याच्या मॅडम मोजून सांगतील. खुशालरावांना हे पटलं. मनकर्णेच्या नवऱ्याला, महादेवरावांना, काही पटवायची गरज नव्हती. ते म्हणाले, "बायाईच्या भानगडीत मी नाई," आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागं वावरात निघून गेले.

आता ओसरीवर आचल समजावून सांगत होती. "गवतात वाळूसारखा एक अंश असतो. तो कोणत्याच जनावराला पचत नाही. जेवढा पोटात जातो तेवढाच शेणातून बाहेर येतो. आम्ही शेण वाळवतो, जाळतो, त्याची राख करतो. ती राख आम्लात उकळली की जे विरघळत नाही ते उरतं. ते आम्ही मोजतो. आणि तसंच..."

"चहा कोन आनते?" खुशालराव मध्येच म्हणाले. त्यांनी पाहिलं मनकर्णेकडं. खुर्चीतल्या सुनेकडं नाही, दाराला टेकून उभ्या असलेल्या सुनेकडं.

मनकर्णा आत गेली. चुलीत फू फू करताना धुरानं डोळ्यात पाणी आलं, आणि ते धुराचंच आहे असं तिनं स्वतःला सांगितलं. बाहेर आचल पुढं बरंच बोलली. गवताचं काय करायचं, आकडा कसा काढायचा, जास्त म्हणजे काय, कमी म्हणजे काय. मनकर्णेनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिच्या कानात एकच गोष्ट राहिली: जे पचत नाही त्याची राख उरते. तिनं आपल्या हिशेबानं त्याचा अर्थ लावला. ज्या गाईच्या शेणात राख जास्त, त्या गाईला पचत नाही. सरळ गोष्ट. यासाठी खुर्चीत बसायची काय गरज होती?

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा खुशालराव गीतांजलीला विचारत होते, "समजलं?"

"हो मामाजी, समजलं."

"पाहा," खुशालराव आचलला म्हणाले, "आमची गीता भल्ली हुशार हाय."

मनकर्णेनं चहाचा कप असा ठेवला की अर्धा चहा बशीत आला.

दुसऱ्या दिवसापासून ई-क्लासवर तमाशा सुरू झाला. आचल गाईंच्या मागं मागं फिरायची. गाय जिथं तोंड घालायची तिथलंच गवत ती हातानं तोडून पिशवीत टाकायची. गाय जसा वरचा शेंडा खुडते तसाच शेंडा, बुडखा नाही. पवन्या खाल्ला तर पवन्या, मारवेल खाल्लं तर मारवेल. गाय थांबली की मॅडम थांबायची, गाय चालली की मॅडम चालायची.

"मॅडमले बी दावं बांधा वो, हरपून जाईन!" पलीकडची माणिकबाई ओरडली. तिच्या दोन म्हशी तिथंच चरत होत्या.

"माणिकबाई, तुमच्या म्हशीचं बी मोजू का?" आचल हसून म्हणाली.

"आमची म्हैस सारं पचवते. परवा माह्या सुनेचा गाऊन पचवला तिनं, आता काय मोजता!"

शेण गोळा करायचं काम घरच्यांचं होतं. पहाटे गोठ्यात गाय शेण टाकते तेव्हा ते जमिनीवरच्या मातीला लागू न देता, वरवरचं उचलायचं आणि पिशवीत भरायचं. आचलनं बजावून सांगितलं होतं, माती लागली तर सारा हिशेब बिघडतो. ढवळीचं शेण मनकर्णेनं, नारंगीचं गीतांजलीनं. पिशव्या गोठ्यातल्या खिळ्याला टांगायच्या, ढवळीच्या पिशवीला पांढरा दोरा, नारंगीच्या पिशवीला लाल. केंद्राची गाडी सकाळी येऊन घेऊन जायची.

गीतांजली हातमोजे घालून शेण उचलायची. मनकर्णा उघड्या हातानं. गीतांजलीनं एकदा मोज्यांचा जोड पुढं केला. "बाई, तुमाले बी आनले हायेत. घाला ना."

"माह्या हाताले शेनाची सवय हाय," मनकर्णा म्हणाली. "तुले नसन. वरूडात संत्र्याईचा वास असते म्हनते."

गीतांजली काही बोलली नाही. तिनं हातमोजे खिशात टाकले. तिचं हे न बोलणंच मनकर्णेला सर्वात जास्त टोचायचं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या बाईशी माणूस भांडू शकतो. चांगल्या बाईचं काय करावं?

तिसऱ्या की चौथ्या सकाळी असं झालं की खुशालरावांनी घरातून हाक मारली. "गीता! चहा आन वो बाई, तुह्या हातचा!"

तुह्या हातचा. वीस वर्षं मनकर्णेनं या माणसाचा चहा उकळला होता. अद्रक घालून, अद्रक न घालता, साखर कमी, साखर जास्त, ताप आला तर तुळस घालून. कधी त्यांनी 'तुह्या हातचा' म्हटलं नाही. चहा हातचा असतो हे त्यांना गीतांजली आल्यावर कळलं.

गीतांजली पिशवी खिळ्याला टांगून घरात पळाली. लाल दोऱ्याची पिशवी मनकर्णेच्या डोळ्यासमोर हलत राहिली.

गोठ्याच्या कोपऱ्यात राखेचा ढीग होता. चुलीत गवऱ्या जळतात त्याची राख, भांडी घासायला आणि भाजीवर किडीसाठी टाकायला ठेवलेली. मनकर्णेनं मूठभर राख घेतली. नारंगीची पिशवी सोडली, शेणात राख टाकली, हातानं कालवली, पुन्हा बांधली. हात धुतला. एवढ्या वेळात तिच्या मनात पाप वगैरे काही आलं नाही. जे आलं ते एवढंच की आता हिची गाय पचवणारी नाही, हे कागदावर येणार.

रोज सकाळी चहाची हाक यायची. रोज मूठभर राख जायची. आठवडा संपला.

निकालाच्या दिवशी ओसरीवर सारे जमले होते. महादेवरावसुद्धा वावरातून आले होते, बायांच्या भानगडीत नसूनही. माणिकबाई दूध मागायच्या निमित्तानं येऊन दारात उभी राहिली. आचल नेहमीच्या खुर्चीत. गीतांजली आज खुर्चीत बसली नाही, खांबाजवळ उभी राहिली. मनकर्णेला वाटलं, हरायची तयारी करते आहे.

"ढवळी," आचल म्हणाली. "शंभर भाग गवत खाल्लं तर बावन्न भाग तिच्या अंगी लागतं. या दिवसांतल्या वाळक्या गवतावर हे वाईट नाही, चांगलंच आहे."

मनकर्णेनं पदर खोचला. "अन् दुसरी?"

"नारंगी चौऱ्याहत्तर."

किशोर टाळी वाजवून हसला. खुशालरावांनी गीतांजलीकडं पाहून मान हलवली, जणू तिनंच गवत खाल्लं होतं.

"मी स्वतः दोनदा तपासलं," आचल म्हणाली. "मलाच खरं वाटेना. पुसातल्या गवतावर एवढा आकडा मी कधी पाहिला नाही. अमरावती-अकोला पट्ट्यात अशी गाय असेल तर आम्हाला ती पाहायला पुन्हा यावं लागेल."

"उलटं वाचून राह्यल्या तुमी," मनकर्णा म्हणाली.

"काय उलटं?"

"शेनात राख जास्त निंगाली कोनाच्या? नारंगीच्या ना?"

"हो. म्हणून तर तिचा आकडा जास्त."

"राख म्हनजे जे पचलं नाई थे! तुमीच सांगलं!"

आचल हसली. टवाळीनं नाही, पण मनकर्णेला ती टवाळीच वाटली. तिनं समजावलं. "असं बघा. तुमच्याकडं ज्वारी आहे, तिच्यात खडे आहेत. कोंबडी ज्वारी खाते, खडे सोडते. कोंबडीनं थोडीच ज्वारी खाल्ली तर मागं काय राहील? भरपूर ज्वारी आणि मधून मधून खडे. आणि जवळपास सारी ज्वारी खाल्ली तर?"

"खडेच खडे," माणिकबाई दारातून म्हणाली.

"बरोबर. खडे वाढले नाहीत, ज्वारी संपली म्हणून खडे दाट दिसतात. ती न विरघळणारी राख म्हणजे ते खडे. गाईनं जेवढं जास्त पचवलं तेवढी ती शेणात दाट होते. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा चहा करायला गेला होता."

मनकर्णेच्या पायाखालची सारवलेली जमीन सरकली. म्हणजे तिनं नारंगीला हरवलं नव्हतं. मूठ मूठ करून तिनंच नारंगीला जिंकवलं होतं. आपल्या हातानं, आपल्या चुलीची राख घालून.

"ठरलं तं मंग," खुशालराव उठत म्हणाले. "येत्या बाजारात ढवळीले काढा."

गोठ्यातून ढवळीच्या गळ्यातली घंटी वाजली. ती रोज वाजते, गाय मान हलवते म्हणून वाजते. पण मनकर्णेला वाटलं ढवळीनं ऐकलं. ती एका दमात म्हणाली, "राख म्या टाकली."

"काय टाकली?" महादेवरावांनी विचारलं.

"नारंगीच्या शेनात. रोज. चुलीची राख. मले वाटलं तिचं कमी दिसन."

गीतांजली पहिल्यांदाच तडकून बोलली. "बाई! हारल्या म्हनून काईबी बोलून राह्यल्या का? ढवळीले वाचवाले खोटं सांगता?"

"खोटं?"

"खोटं नाई तं काय! तुमी कायले राख टाकान माह्या गाईत? तुमाले आमी काय केलं?"

आता पंचाईत पाहा. माणूस चोरी करतो तेव्हा लपवतो, पकडला गेला की नाकारतो. इथं बाई ओरडून सांगत होती मी चोर आहे, आणि कोणी मानायला तयार नव्हतं. खुशालराव म्हणाले, "थोरली, चूप राय. गाय गेली तं गेली, अब्रू कायले घालवते?" महादेवराव म्हणाले, "घरात सांग ना, लोकाईसमोर काहून." माणिकबाई मात्र मन लावून ऐकत होती, तिच्या दुधाची आठवण तिलाही राहिली नव्हती.

"म्या टाकली म्हनतो ना!" मनकर्णा ओरडली. "रोज तिले चहाले बोलवत होते तवा! काहून टाकली? जळत होती म्हनून टाकली! हे खुर्चीत बसते म्हनून टाकली! वीस वर्षं चहा म्या करतो अन् 'तुह्या हातचा' हिले म्हनते म्हनून टाकली! आता समजलं का कोनाले?"

गीतांजलीचा चेहरा उतरला. खुशालरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. आचल सावकाश म्हणाली, "शेणात कोळशाचे बारीक काळे कण होते. मला कळेना कुठून आले. मला वाटलं गाय कुठं जळक्या जागी चरते." ती मनकर्णेकडं वळली. "तुम्ही गवऱ्या जाळता?"

"जाळतो."

"मग खरंय हे." आचलचा आवाज बदलला. "माझा आठवडा तुम्ही राखेत घातला. मी गाईमागं उन्हाउन्हात फिरले, लोक हसले ते सहन केलं. तुमच्या दोघींच्या भांडणात माझं काम कशाला मारता?"

मनकर्णा खाली मान घालून उभी राहिली. तिला लाज वाटली, हे खरं. पण तिला सुटल्यासारखंही वाटलं, हेही खरं. आणि या दोन्हीच्या वर एक गोष्ट होती: नारंगी जिंकलेली नाही.

खुशालराव म्हणाले, "पुन्हा मोजा. पन या वेळेस अदलाबदल. नारंगीचं शेन थोरली उचलन, ढवळीचं धाकटी. दोघीईनं एकामेकीच्या गाईमांगं फिरून गवत तोडावं. मंग पाहू कोन कोनाचं पचवते."

आणि मग, वीस वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. खुशालराव म्हणाले, "बस थोरली." मनकर्णा बसली नाही. बसायला उशीर झाला होता.

नारंगीच्या मागं फिरताना मनकर्णेला कळलं की ही गाय वाईट नाही, आणि ते कळल्यानं तिच्या पोटातली आग जास्तच वाढली. गाय वाईट असती तर बरं झालं असतं. नारंगी गवत निवडून खायची. कुसळं टाळायची, बुडाशी हिरवं राहिलेलं मारवेल शोधायची. एकदा खाल्लं की सावलीत बसून डोळे मिटून रवंथ करायची, जणू तिला जगात दुसरं कामच नव्हतं. ढवळी मात्र हावरी होती. जे दिसेल ते ओढायची, कुसळं तोंडात टोचली की मान झटकायची आणि पुन्हा तेच. बरोबर मालकिणीसारखी, असं मनकर्णेच्या मनात आलं, आणि तिनं ते मनातून हाकललं.

तिच्या पलीकडं गीतांजली ढवळीच्या मागं होती. आणि ढवळी, जिला मनकर्णेनं लुगड्याचा बोळा चोखवून जगवलं, ती ढवळी गीतांजलीचा कोपर चाटत होती. खरखरीत जिभेनं, लाडानं, पुन्हा पुन्हा. गीतांजली हसत होती. "बाई! पाहा ना, सोडतच नाई मले!"

"तिले मिठाचा वास येते," मनकर्णा म्हणाली. "घामाचा."

मग ढवळीजवळ जाऊन, कोणी ऐकणार नाही अशा बेतानं म्हणाली, "भाडोत्री! बेइमान! दोन दिवसात इसरली?"

ढवळीनं तिलाही चाटलं. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. दुसऱ्याला चाटून आलेली जीभ होती ती.

एका सकाळी नारंगीचं शेण पिशवीत भरताना मनकर्णेची नजर कुटाराच्या ढिगाकडं गेली. सोयाबीनचं बारीक कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा. आता हिशेब तिला नीट समजला होता, गीतांजलीपेक्षाही नीट समजला होता, मत्सरानं माणूस लवकर शिकतो. राख टाकली की आकडा वाढतो. मग असं काही टाकलं ज्यात राख शेणापेक्षा कमी आहे, तर आकडा उतरेल. कुटारात राख कमी. मूठभर कुटार, बारीक चोळून, आणि नारंगी पन्नासच्या खाली. तिनं मूठ भरली. उभी राहिली. टाकावं की न टाकावं, हा विचार ती किती वेळ करत होती कोणास ठाऊक. तेवढ्यात नारंगीनं मान वळवली आणि तिच्या मुठीतलं कुटार खाऊन टाकलं. सारं. मूठ चाटून पुसली.

"वा वो माय," मनकर्णा म्हणाली. "चोराच्या हातचा माल बी खाते तू."

तिनं दुसरी मूठ भरली नाही. पुण्य म्हणून नाही. हात ओला झाला होता आणि नारंगी तिच्याकडं अशी पाहत होती की अजून आहे का. तिनं पिशवी बांधली, खिळ्याला टांगली आणि हात धुवायला गेली.

निकाल आला. ढवळी पन्नास. नारंगी छप्पन्न.

या वेळेस कोणी टाळी वाजवली नाही. आचल म्हणाली, "फरक फार नाही, पण आहे. नारंगी निवडून खाते, म्हणून." आणि मनकर्णेकडं पाहून म्हणाली, "या वेळी शेण एकदम स्वच्छ होतं. आभार." मनकर्णेला वाटलं, या आभाराचं काय लोणचं घालायचं?

खरं बोललं की देव भलं करतो असं ज्यानं सांगितलं, त्यानं कधी गोठा झाडला नसेल. मनकर्णा खरं बोलली, स्वच्छ शेण भरलं, आणि हरली. पहिल्या वेळेस खोटेपणानं हरली होती, या वेळेस खरेपणानं. गाय तर दोन्ही वेळेस तिचीच जाणार होती.

रात्री जेवणं झाल्यावर ती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "ढवळीले बाजारात नेऊ नोका."

"तं कुठी नेऊ?"

"माह्या माहेराले. मूर्तिजापूरकडे त्याईचं रान मोकळं हाय, चारा हाय. भाऊ ठेवून घेईन. म्या त्याले सांगतो."

"बरं," खुशालराव म्हणाले. मग, "चहा करशीन का?"

"गीतांजलीले सांगा," मनकर्णा म्हणाली. "तिच्या हातचा."

महादेवरावांनी पिकअप ठरवली. ढवळीला चढवताना मनकर्णेनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यातली घंटी काढून घेतली, मग पुन्हा बांधली. गीतांजली मदतीला आली, तिनं ढवळीला हळूच मागून ढकललं. ढवळीनं जाताना वळून पाहिलं ते गीतांजलीकडं की मनकर्णेकडं, यावर दोघींचं एकमत कधीच होणार नव्हतं. पिकअप गेल्यावर गीतांजली म्हणाली, "बाई, नारंगीले तुमी बी धुवत जा. तिले तुमची सवय झाली."

"पाहीन," मनकर्णा म्हणाली. आणि तिनं पाहिलं. रोज सकाळी नारंगीचं शेण तीच उचलते, गीतांजली उठायच्या आधी. नारंगीच्या तोंडासमोर कुटाराची मूठ धरते. हे सारं कोणी पाहू नये म्हणून एवढ्या पहाटे करते.

पंधरा दिवसांनी तिनं भावाच्या बायकोला, शालूला, फोन लावला.

"वयनी, ढवळी कशी हाय?"

"बम्म मस्त हाय वो! भल्ली रमली. सकाळी मी दिसली नाई तं हंबरते, मले शोधते. माह्या हातानंच दूध देते, दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाई. चाटते बी! थे पायलं तं मले तुमची आठवन आली."

"रमली?"

"हो वो! जसं हेच तिचं माहेर होय!"

मनकर्णा म्हणाली, "वयनी, तुमच्या घामाले मिठाचा वास येत असन. म्हनून चाटते थे." आणि फोन बंद करून गोठ्याकडं गेली.